सॅमनला वेळ, स्टीलहेडला जागा

बयो,

दुकानात उभं राहून असला फोन करू नये. मागे विकणारा उभा असतो आणि त्याच्याकडे तुझ्या प्रश्नाचं एकच उत्तर असतं: दोन्ही घ्या. म्हणून तुला म्हटलं, आज रिकाम्या हाताने घरी जा, मी सावकाश लिहून पाठवतो. प्रश्न साधा होता, पहिला रॉड सॅमनचा घेऊ की स्टीलहेडचा. पण त्याच्या पोटात दुसरा आहे, की या दोघांतला आपला कोणता. तो सुटायला मला बरेच हिवाळे लागले.

तू बीव्हर्टनला, म्हणजे ऑरेगनात. मी नदीच्या अलीकडे व्हँकुव्हरला, म्हणजे वॉशिंग्टन राज्यात. (कॅनडातलं व्हँकुव्हर वेगळं, हे देवगडात अजून कोणाला पटत नाही.) मध्ये कोलंबिया नदी. तुझ्या राज्याने १९६१ साली चिनूक सॅमनला राज्याचा मासा केलं, माझ्या राज्याने १९६९ साली स्टीलहेडला. पाणी तेच, मासे तेच, आणि दोन काठांचं एकमत नाही. तेव्हा तुझं-माझं नाही झालं तरी बिघडत नाही.

नवख्याला वाटतं दोन्ही एकच धंदा. दोन्ही रुपेरी, दोन्ही समुद्रात वाढून नदीत येणारे. पण सॅमनला वेळ गाठायची असते आणि स्टीलहेडला जागा. हे माझं नव्हे, आमच्या शेजारच्या म्हातारबुवांचं. सगळं आयुष्य लाकडाच्या गिरणीत काढलेला माणूस. बोलायचे कमी, आणि बोलले की बहुतेक मी काय चुकलो तेच सांगायचे. इथलं गरवणं मी त्यांच्याकडून शिकलो.

सॅमन म्हणजे गणपतीला येणारे चाकरमानी. ठरलेल्या दिवसांत, झुंडीने, गाड्या भरभरून. ऑगस्ट-सप्टेंबरात कोलंबियाच्या तोंडाशी त्यांची रीघ लागते तेव्हा मला कणकवली स्टेशन आठवतं. फरक इतकाच की हे चाकरमानी परतीचं तिकीट काढत नाहीत. चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक, चम, इथल्या पाचही जातींचं तेच: वर जायचं, अंडी घालायची आणि तिथेच संपायचं. स्टीलहेड अंडी घालूनही जगू शकतो. खंगतो, पोट आत जातं, पण पाण्याबरोबर खाली समुद्राकडे निघतो, आणि त्यातला एखादा पुन्हा परततो. शिवाय तो एकेकटा येतो, रजा मिळेल तसा. उन्हाळी स्टीलहेड साधारण मे ते ऑक्टोबर, हिवाळी डिसेंबर ते एप्रिल.

तुला एक गंमत सांगतो. स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात. एका विणीतली दोन भावंडं. एक ओढ्यातच राहिलं ते वीतभर, दुसरं समुद्र बघून आलं ते हातभर. १९८९ पर्यंत शास्त्रज्ञ त्याला अटलांटिकवाल्या सॅमनच्या कुळात धरायचे, मग सरकवून पॅसिफिकवाल्यांत बसवला. आपल्याकडे हॉटेलात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात त्याचा मात्र या कोणाशी काडीचा संबंध नाही.

आता आधी सॅमनचं, कारण तू सुरुवात त्यानेच करावीस.

वेळ गाठायची म्हणजे तीन गोष्टी बघायच्या: महिना, धरणावरचा आकडा आणि भरती. महिना ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धर. आकडा बॉनव्हिल धरणाचा. १९३८ पासूनच्या त्या धरणाला मासे वर चढायला पाण्याच्या पायऱ्या आहेत, तिथल्या खिडकीसमोरून जाणारा प्रत्येक मासा जातवार मोजला जातो, आणि तो आकडा रोज जाहीर होतो. आकडा चढायला लागला की समज, खालच्या पट्ट्यात मासा भरलेला आहे. एकदा तिथे नुसती बघायला जा. काचेपलीकडे आपल्या मांडीएवढा चिनूक पाण्याशी झगडत उभा दिसतो. ग्रँड कूली धरणाला अशा पायऱ्याच केल्या नाहीत. त्याच्या वरची नदी या माशांना बंद झाली.

आणि भरती. ॲस्टोरियाच्या खाली, दहा नंबरच्या बोयापासून आत, त्या दिवसांत बोटींची जत्रा भरते. ओहोटी संपून पाणी थबकतं आणि नवी भरती लागते, तो तास-दीड तास सोन्याचा. मासा भरतीच्या पाण्याबरोबर आत शिरतो, आणि शिरतानाच तोंड उघडतो. माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, देवगडच्या खडपावर गरवायचे. घड्याळ नव्हतं, तिथीवरून उधाण आणि भांग सांगायचे. “पाण्याक आधी बघ, गरी मागसून सोड,” म्हणायचे. म्हातारबुवांनी मला पहिल्यांदा भरतीचं कोष्टक वाचायला बसवलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर घरचंच निघालं.

पण एक लक्षात ठेव. त्या नदीच्या तोंडाला ‘पॅसिफिकची दफनभूमी’ म्हणतात ते उगाच नाही. ओहोटी जोरात असताना बोयाच्या खाली घसरू नकोस. इंजिन बंद पडलं तर ओहोटी सरळ बाहेर ओढते, आणि बाहेर लाटा फुटत असतात. सोबतचे कितीही म्हणोत ‘थोडंसं अजून खाली’, तू नाही म्हण. हसले तर हसू देत.

चिनूकला आमिष लावायचं ते हेरिंगचं, आपल्या तारलीच्या जातकुळीतलं. डोकं तिरकं छाटलं की ते पाण्यात गिरक्या घेतं. बोट हळू चालते, रॉड खोबणीत टेकलेला असतो, टोक थरथरायला लागतं. इथेच सगळे फसतात. चिनूक आधी चावतो, सोडतो, पुन्हा चावतो. आपण झडप घालून रॉड उपसला की हातात उरतं अर्धं हेरिंग. मी पहिल्या दिवशी असे तीन घालवले. चौथ्या वेळी म्हातारबुवा म्हणाले, हातांवर बस. खरंच मला माझे दोन्ही हात मांडीखाली घालून बसवलं, शाळेतल्या पोरासारखं. टोक थरथरलं, वाकलं, सरळ झालं, पुन्हा वाकलं. मी ओठ चावतोय. मग रॉड मुठीपर्यंत पाण्याकडे झुकला आणि रीळ किंचाळायला लागलं तेव्हा म्हणाले, आता. अठ्ठावीस पौंडांचा निघाला. काकूने त्याच्यासोबत फोटो काढून घेतला, माझ्यासोबत नाही.

नदीत आत गेल्यावर सॅमन खाणं सोडतो, पण गाबोळीवर अजूनही येतो. त्याच्याच गाबोळीवर. ती मीठ, साखर आणि टाकणखार लावून मुरवतात, बहुतेक लोक वर गुलाबी रंगही घालतात. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘खायची नाही’ लिहायला विसरू नकोस. आमच्या फ्रिजातला तसला एक डबा काकूने रवा लावून तव्यापर्यंत नेला होता. मी वेळेवर घरी आलो म्हणून वाचलो. पुढे आठवडाभर मला वरणभात होता ते वेगळं.

चिनूक आणि कोहो ओळखायला शीक, कारण एकाला परवानगी आणि दुसऱ्याला बंदी असं पुष्कळदा असतं. तोंड उघडून खालच्या हिरड्या बघ. काळ्या असल्या तर चिनूक. दातांच्या रांगेशी पांढऱ्या असल्या तर कोहो. शेपटीवरही बघ, चिनूकला ठिपके वर-खाली दोन्हीकडे, कोहोला फक्त वरच्या अर्ध्यावर. पिंक त्याहून लहान, पाच पौंडांच्या आतबाहेर, आणि सिॲटलकडे प्युजेट साउंडच्या नद्यांत विषम सालीच गर्दीने येतो, २०२३, २०२५ असा. तुझी ती सिॲटलची मैत्रीण आहे ना, तिच्याकडे विषम सालच्या ऑगस्टात जा. पुळणीवर उभं राहूनही मिळतात. लहान मुलांना गळाची गोडी लावायला त्यासारखा मासा नाही.

सॅमनबद्दल इतकं पुरे. तो शिकवतोही लवकर आणि देतोही लवकर.

स्टीलहेडचं मात्र नीट ऐक.

त्याला इथे ‘हजार फेकींचा मासा’ म्हणतात. मला पहिला किती फेकींनी मिळाला ते मोजलं नाही, पण हिवाळे दोन गेले. त्या दोन हिवाळ्यांत मी दर शनिवारी पहाटे चारला उठून, डबा घेऊन, पावसात पाच तास उभा राहून, संध्याकाळी ओलाचिंब घरी आलो. काकू विचारायची, मिळालं काही? मी म्हणायचो, पाणी छान होतं. तिला वाटायचं मी चेष्टा करतोय. मी खरं सांगत होतो.

कारण तो मासा मिळतो पाण्याच्या अभ्यासाने. नदीच्या शंभर भागांतल्या पाच भागांत तो थांबतो, उरलेल्या पंच्याण्णव भागांत तू दिवसभर फेकलंस तरी व्यायाम होईल. ते पाच भाग असे ओळख. पाण्याचा वेग माणूस रमतगमत चालेल इतका. खोली कमरेपासून छातीपर्यंत. तळाला नारळाएवढे ते फुटबॉलएवढे गोटे. जिथे वेगाची धार आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातात ती शिवण. मोठ्या दगडाच्या मागचा आणि, हे कोणी सांगत नाही, पुढचाही खळगा. आणि डोह संपून पाणी पुन्हा उथळ व्हायला लागतं तो काचेसारखा गुळगुळीत उतार. खालची खळखळ चढून दमलेला मासा तिथे टेकतो. सॅमन खोल डोहात घोळक्याने बसतो. तिथेच स्टीलहेड शोधत बसलीस तर दिवस गेला.

आणि फेकायच्या आधी पाण्यात उतरू नकोस. नवे लोक येतात, मांडीपर्यंत शिरतात आणि पलीकडच्या काठाला फेकतात. मासा बहुतेक वेळा ते उभे असतात तिथेच होता. पहिली फेक पायांजवळ, मग थोडी लांब, मग मध्यावर, मग पलीकडे. मग दोन पावलं खाली सरक आणि पुन्हा तसंच. कोणी आधीच गरवत असेल तर त्याच्या वरच्या बाजूने मागून ये. त्याच्या खालच्या बाजूला उतरणं म्हणजे पंगतीत शेजारच्याच्या पानातली जिलबी उचलणं.

पाण्याचा रंग बघायला शीक. पाऊस पडतो, नदी चहासारखी होते, तेव्हा घरी बस. पाऊस थांबतो, पाणी उतरायला लागतं, दोन-तीन दिवसांत निवळतं आणि मधेच एक रंग येतो, कच्च्या आवळ्यासारखा, हिरवा आणि अर्धवट पारदर्शक. गुडघ्याएवढ्या पाण्यात बुटांचं टोक दिसतं, मांडीएवढ्या पाण्यात दिसत नाही. त्या दिवशी ऑफिसात काय सांगायचं ते तू बघ. पुढे पाणी पार नितळ झालं की मासा बिचकतो.

माझा पहिला कलामा नदीवरचा, जानेवारीतला. रॉडच्या टोकाच्या कड्यांत बर्फ धरत होता, दर चार फेकींनी तोंडात धरून वितळवत होतो. तंगुसाला शिशाचा छोटा तुकडा, त्याखाली हातभर बारीक तंगूस, टोकाला गळ आणि त्यावर केशरी लोकरीचा झुपका. फेकलं की शिसं तळाच्या गोट्यांवरून टक, टक, टक करत वाहतं, आणि ते दांड्यातून बोटाला कळतं. डोळ्यांनी नाही, बोटांनी गरवायचं. टक, टक, आणि मग काही नाही. ओढ नाही, झटका नाही, नुसती टकटक थांबली. मला वाटलं दगडात अडकलं. म्हातारबुवा तीस पावलांवरून ओरडले, उचल! मी उचललं आणि दगड चालायला लागला. मग पाण्याबाहेर पुरुषभर उंच उडाला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा माझ्या मागच्या बाजूला. इतक्या वेगाने तो माझ्याकडे आला होता, आणि तंगूस मात्र अजून समोर पाण्यात ताणलेलं दिसत होतं. नऊ पौंडांचा असेल. पाठीवरचा छोटा पर शाबूत होता, म्हणजे रानातला, म्हणजे सोडायचा. पाण्यातच गळ काढला, शेपटीपाशी धरून प्रवाहाकडे तोंड करून धरला. कल्ले हलले, एकदा अंग घुसळलं आणि हातातून गेला. मी घोट्याएवढ्या पाण्यात बसूनच राहिलो.

तेव्हा हा फरक हाताला शिकव: चिनूकला घाई करायची नाही, स्टीलहेडला दिरंगाई करायची नाही. टकटक बदलली, थांबली, जड झाली, काहीही वेगळं वाटलं की उचल. दहातले नऊ दगडच असतील.

त्या पराबद्दल. पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो. सरकारी हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा तो कापून सोडतात. कापलेला, भरलेल्या जखमेचा दिसला तर मासा घरी नेता येतो; शाबूत असेल तर आपल्या बाजूच्या नद्यांत स्टीलहेड सोडायचाच, आणि वॉशिंग्टनमध्ये सोडायचा मासा पाण्याबाहेर पूर्ण उचलायचाही नसतो, फोटोसाठीसुद्धा नाही. प्युजेट साउंडचा स्टीलहेड २००७ पासून संकटग्रस्त यादीत आहे, तिथला चिनूक १९९९ पासून. नियम रातोरात बदलतात. निघायच्या दिवशी सकाळी बघ, आदल्या आठवड्यात बघितलेलं धरू नकोस. ऑगस्टात नदीचं पाणी वीस अंशांच्या वर गेलं असेल तर नियमाने परवानगी असली तरी स्टीलहेडच्या वाटेला जाऊ नकोस. तो गार ओढ्याच्या तोंडाशी धाप टाकत थांबलेला असतो. तिथे पकडून सोडलेलाही मरतो.

बारीकसारीक. गाठ आवळण्याआधी तिला थुंकी लाव, कोरडी आवळलीस तर तंगूस भाजतं आणि तुटतं. गळ नखावरून हलकेच ओढून बघ. रुतला तर ठीक, घसरला तर कानशीने घास. पाण्यात पाय उचलून टाकू नकोस, सरपटव. कंबरेचा पट्टा घट्ट बांध, तो सैल असला की पडल्यावर पाण्यात घालायच्या रबरी विजारीत पाणी भरतं. मी एकदा वॉशूगल नदीत पडलो तेव्हा पट्टा होता म्हणून हे लिहितोय. पडलीसच तर उताणी हो, पाय प्रवाहाच्या दिशेला, आणि रॉड सोडून दे. हे सांगावं लागतं, कारण कोणी सोडत नाही.

खाण्याचं वेगळं. इथे माझं मत स्वच्छ आहे, ताटात सॅमन. एप्रिल-मेमध्ये येणारा वसंतातला चिनूक चरबीने इतका भरलेला असतो की तेल लागत नाही. पकडल्याबरोबर कल्ला कापून रक्त काढ आणि बर्फात घाल, दुपारपर्यंत थांबू नकोस. बांगड्यासारखा तिरफळ आणि आमसूल घालून कर, खोबरं बेताने. कोहो रवा लावून. नदीत फार वर येऊन काळवंडलेला सॅमन घेऊ नकोस, त्याचं मांस फिकट आणि बेचव झालेलं असतं. अंगावर समुद्री उवा चिकटलेल्या दिसल्या तर तो नुकताच समुद्रातून आलाय, आनंदाने घे. आणि काहीच मिळालं नाही तर कॅस्केड लॉक्सला पुलाखाली जा. १८५५ च्या करारांनी मूळच्या जमातींना इथल्या मासेमारीचा हक्क आहे, त्यांचे लोक काठावरच ताजा सॅमन विकतात. घासाघीस करू नकोस. सिलायलोचा धबधबा, जिथे त्यांचे पूर्वज हजारो वर्षं मासे धरत होते, तो १९५७ साली द डॅल्सच्या धरणाच्या पाण्याखाली गेला.

आता रॉड. चिनूकचा जाड रॉड घेऊच नकोस. ॲस्टोरियाला भाड्याच्या बोटीवर तो बोटवालाच देतो, वर्षातून तीन दिवसांसाठी भिंतीला टेकवून ठेवण्यात अर्थ नाही. साडेआठ ते नऊ फुटी, आठ ते बारा पौंडांच्या तंगुसाचा एकच रॉड घे. तो स्टीलहेडचा. त्यावर कोहो आणि पिंकही चालतात. म्हणजे पैसे स्टीलहेडवर आणि पहिला मोसम सॅमनचा. आधी मासा गळाला लागणं म्हणजे काय ते हाताला कळू दे. ते कळलेलं नसताना जानेवारीत नदीवर उभी राहिलीस तर मार्चमध्ये रॉड विकायला काढशील.

रीळ घेऊ नकोस. माझ्याकडे एक जास्तीचं आहे, म्हातारबुवांचं. त्यांच्या मुलीने ते गेल्यावर आणून दिलं. मूठ जराशी वाकडी आहे, पण ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, अजून लोण्यासारखा सुटतो. थंडीत गॅरेजमध्ये ठेवताना ड्रॅग सैल करून ठेवत जा. ऑगस्टमधल्या भरत्या मी बघून ठेवतो. आणि जानेवारीत पाऊस थांबून दोन दिवस झाले की मी फोन करीन, पहाटे चारला. उचल.

तुझा,
काका